दोन पेडल, एक नळी

मित्रांनो, माझ्या चारही चाकांची आणि डिकीतल्या पाचव्या चाकाची शपथ, पुढचा शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलले तर माझ्या टाकीत पेट्रोलऐवजी सरबत ओता!

मी मोटार आहे. किती जुनी, विचारता? माझ्या तरुणपणी रस्त्यावर इतक्या कमी गाड्या होत्या की समोरून एखादी आली की आम्ही दोघी थांबून एकमेकींची ख्यालीखुशाली विचारायचो. रंग बाटलीहिरवा, दिवे गोल, हॉर्न असा की झोपलेला माणूस उठून उभा राहायचा आणि मग विचारायचा, मी कोण.

माझ्यात एक गोष्ट मात्र न्यारी होती. ड्रायव्हरच्या पायाशी ब्रेक असतो तसाच दुसरा ब्रेक शेजारच्या सीटपाशीही होता. कारण मी शिकाऊ लोकांची गाडी. शेजारी बसायचे माझे मालक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली माझ्यावर शिकलं. एका शिंप्याने मला एवढा वेळ रिव्हर्समध्ये फिरवलं की गल्लीतल्या कोंबड्या दोन दिवस उलट्या चालत होत्या. हसू नका, शपथ घेतलीय मी.

मास्तरांचा त्या दुसऱ्या पेडलवर फार जीव. घाबरलेल्या शिकाऊला म्हणायचे, "तू चुकलास तरी काय बिघडतं? माझा पाय आहे ना!"

मित्रांनो, ब्रेकचं पेडल दाबलं की एक तेल रबरी नळ्यांमधून चाकांपर्यंत जोर नेतं, तेव्हा मी थांबते. माझ्या पुढच्या चाकाजवळच्या नळीला चिरा पडल्या होत्या. मास्तरांनी त्या टॉर्च मारून बघितल्या होत्या. म्हणाले, "बदलू पुढच्या महिन्यात. तोवर माझा पाय आहेच."

एवढ्या हुशार माणसाने इथेच माती खाल्ली. पेडल दोन होती, पण दोन्ही त्याच तेलाला ढकलायची, त्याच नळीतून.

मास्तरांची मुलगी तेव्हा बावीस वर्षांची. फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची नोकरी तिला मिळाली होती. पुस्तकं घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचं, कपाट उघडायचं, पोरांनी भोवती गराडा घालायचा! चार दिवसांनी रुजू व्हायचं होतं, म्हणून ती उतारावरचा सराव करत होती. वळणावर तिने ब्रेक दाबला. बरोब्बर दाबला. माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? नळी फाटकन फुटली, पेडल जमिनीला टेकलं. मास्तरांनी त्यांचं दाबलं. तेही टेकलं. हँडब्रेककडे हात जाईपर्यंत समोर भिंत आली.

मास्तरांचा गुडघा मोडला. लोक धावत आले. कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?"

मास्तर माझ्या बॉनेटकडे बघत म्हणाले, "पोरीने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला."

शिकवणाऱ्याच्या गाडीचा ब्रेक फुटला म्हटलं तर उद्यापासून कोण येणार, ही धास्ती. गुडघ्यामुळे शिकवणी तशीही बंद पडली ती पडलीच. पण बोललेलं बोलून झालं होतं. मुलीला पाय जमिनीला टेकल्याचं तेवढं आठवत होतं; तिने ते ऐकलं आणि तिला ते खरंच वाटलं. गाडी चालवायची नोकरी तिने घेतलीच नाही. त्याच वाचनालयात खिडकीशी बसून ती पुस्तकांवर शिक्के मारत राहिली.

मला दोरीने ओढत घरामागच्या शेडमध्ये नेलं आणि वर ताडपत्री टाकली. सव्वीस वर्षं! टायर बसले, पेट्रोलचा चिकट काढा झाला. उंदरांनी माझ्या मागच्या सीटमध्ये सहकारी सोसायटी काढली. चेअरमन एअर फिल्टरमध्ये राहायचा, वरच्या मजल्यावर. त्याचा मला राग नाही. राग यायचा तो अंगणातून येणाऱ्या हसण्याचा. घरात कुणाचं बाळ आलं की मास्तरांच्या मुलीला चिडवत कुणीतरी ओरडायचंच, "मावशीच्या हातात बाबागाडी देऊ नका हं, भिंत शोधेल ती!" सगळे खो खो हसायचे. तीही हसायची. मास्तर जेवत राहायचे.

मला ओरडून सांगावंसं वाटे, अरे तिने दाबला होता! पण हॉर्नची वायर सोसायटीने कधीच खाल्ली होती.

मग शेडचं छप्पर खचलं. जुन्या गाड्या जपणारा एक माणूस मला न्यायला तयार झाला. अट एकच, स्वतःच्या चाकांवर त्याच्या फाटकापर्यंत यायचं. नाहीतर भंगारवाला. मुलीने मेकॅनिक आणला. एकेकाळी मास्तरांकडेच शिकलेला, सगळं सावकाश करायचा म्हणून त्याला हळूमामा म्हणत. त्याने ताडपत्री उचलली आणि सावकाश माझ्याभोवती एक फेरी मारली.

"किती वर्षं उभी?"

"सव्वीस," मुलगी म्हणाली.

"मग सव्वीस दिवस तरी द्या."

मास्तर काठी टेकत आले. "दिवस कसले देतोस? बॅटरी लाव आणि मार स्टार्टर. माझी गाडी आहे, एका हाकेत उठेल."

"मास्तर, तुम्ही सव्वीस वर्षं झोपलात आणि कुणी एका हाकेत उठवून पळवलं, तर काय होईल?"

"तुझी जीभ तेवढी हळू नाही," मास्तर म्हणाले.

हळूमामाने टाकी उतरवून धुतली. कार्बोरेटर खोलून त्यातली पिवळी साय खरवडली. प्लग काढून इंजिनात तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग हँडल लावून हाताने फिरवलं. अर्धा फेरा, थांब. अर्धा फेरा, थांब. चेअरमनला सहकुटुंब कागदी खोक्यात बसवून बाहेर नेलं. आणि बाविसाव्या दिवशी मी पेटले! खोकले, शिंकले, एवढा काळा धूर सोडला की शेजारणीने दोरीवरचे कपडे दुसऱ्यांदा धुतले.

"झालं की!" मास्तर खूश. "दे पाठवून."

"अजून चाकं काढायचीत. ब्रेक बघतो."

"नको. ब्रेक उत्तम आहेत. मी स्वतः बघितलेत."

"कधी?"

मास्तरांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग एकदम चिडून, "मी सांगतोय ना, नको म्हणून! इंजिन चाललं, संपलं काम!"

"तुम्हीच शिकवलंत, आधी थांबायला शीक, मग चालवायला," हळूमामा म्हणाला आणि जॅक लावला.

मुलगी वडिलांकडे बघत होती.

पुढचं चाक उतरलं. हळूमामा चाकाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताई, इकडे या. नळी फुटलीय."

"जुनी झाली असेल. उभ्या उभ्या सडली असेल."

"उभ्या गाडीतलं तेल सरळ खाली ठिबकतं. हे बघा. ब्रेकचं तेल रंग खातं, आणि इथे रंग गोल उडालाय, चाकाच्या आतून पूर्ण. चाक फिरत असताना फुटलीय ही. आणि कुणी ब्रेक जोरात दाबल्याशिवाय अशी फुटत नाही."

ती खालीच बसली, तेलकट जमिनीवर. "म्हणजे मी दाबला होता?"

"दाबला होता, ताई."

तिने मान वर केली. "बाबा, तुमचंही पेडल खाली गेलं होतं?"



"गेलं होतं," मास्तर म्हणाले.

"सव्वीस वर्षं मी झोपेत पाय तपासतेय, बाबा. कुठला दाबला, कुठला दाबला. आणि तुम्ही तिथे बसून जेवत होतात, सगळे हसत असताना."

ती उठून घरात गेली.

चार दिवस ती शेडमध्ये फिरकली नाही. हळूमामाने सगळ्या नळ्या नव्या घातल्या. मग नळ्यांमधली हवा काढायची वेळ आली. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडल मारायला, एक चाकाशी. ती येऊन माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"दाबा," हळूमामा खालून म्हणाला.

"दाबलाय."

"धरा. आता सोडा. दाबा."

"दाबलाय!"

चारही चाकं होईपर्यंत ती दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने म्हणत होती. शेवटी तर गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं असेल.

निघायच्या दिवशी मास्तर बाहेर आले. सवयीने त्यांनी माझं पुढचं दार उघडलं, आपल्या पेडलकडे बघितलं. "माझं चुकलं, पोरी," ते म्हणाले. मग दार लावून घेतलं आणि मागे जाऊन बसले. मागे पेडल नाही. सगळ्या आयुष्यात ते पहिल्यांदाच मागे बसले होते.

तिने मला चालवलं. उतारावर पाय ठेवला आणि मी थांबले, जिथे तिने ठरवलं तिथे. ती वळून त्यांच्याशी काही बोलली नाही. रागही तिचाच होता आणि स्टिअरिंगही तिचंच. नव्या मालकाच्या फाटकापाशी तिने इंजिन बंद केलं, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन खूप वेळ तशीच बसून राहिली. वाचनालयाची फिरती गाडी कधीच मोडीत निघाली होती.

मित्रांनो, गाडी सांभाळा. धुवा, पुसा, पण आधी तिचा ब्रेक बघा, आणि चीर दिसली तर त्याच दिवशी नळी बदला. आणि आपल्याकडून चूक झाली तर ती दुसऱ्याच्या पायावर ढकलू नका. ती ज्याच्या पायावर पडते, त्याला किती वर्षं चालता येत नाही हे मी ताडपत्रीखालून ऐकलंय.

आता शपथ घेतलीच आहे तर एक कबूल करून टाकते. कोंबड्या खऱ्या. चेअरमन खरा. पण "माझं चुकलं, पोरी" हे मास्तर म्हणाले नाहीत. ओठ हलले, शब्द आलाच नाही. तो मी माझ्या पदरचा घातला, कुणीतरी म्हणायला हवं होतं म्हणून. ते नुसते मागे जाऊन बसले.