कायद्यापुरता विमा

हर्षिलच्या जावळाचा दिवस ठरला, पण जायचं कशानं हे घरात कोणी विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? तोताराम आबांचा ट्रॅक्टर होता, मागे केळीची ट्रॉली होती. मुक्ताईनगरजवळच्या त्या गावात, त्यांच्या गल्लीतलं एकही जावळ आबांच्या ट्रॉलीशिवाय झालं नव्हतं. ट्रॉलीत केळीची वाळलेली पानं अंथरायची, वर गोधड्या टाकायच्या, बायकांनी दाटीवाटीनं बसायचं आणि गाणी म्हणत सातपुड्याच्या पायथ्याशी देवीला जायचं. दुसऱ्यांची लेकरं नेता-आणता आबांचे केस पिकले. आता स्वतःचा नातू होता. त्याला तर ते ट्रॉलीतही बसवणार नव्हते, पुढे आपल्याजवळच घेणार होते.

हर्षिलच्या आईला, भूमिकाला, मात्र तेव्हापासून त्या ट्रॉलीची धास्ती होती. ती जळगावात वाढलेली, बी.एस्सी. झालेली. आई झाल्यापासून तिचे डोळे घरभर लेकराच्या पुढे पुढे धावायचे. चुलीजवळचं पातेलं, चार्जरची वायर, देवाजवळची काडेपेटी. तिचा नवरा हितेंद्र म्हणायचा, तुझं लक्ष हर्षिलकडे नसतंच, हर्षिलला काय काय होऊ शकतं त्याच्याकडे असतं. ती हसायची. खोटं नव्हतं ते.

ट्रॉलीचं बोलणं काढलं की आबा म्हणायचे, विमा भरलेला आहे. हितेंद्रही तेच म्हणाला. पण सावदा-फैजपूरच्या रस्त्यानं केळीचे ट्रक कसे सुसाट जातात ते तिनं पाहिलं होतं. शेवटी तिनं विमा काढून देणाऱ्या जीवरामभाऊंना फोन लावला आणि सरळच विचारलं, ट्रॉलीत बसलेल्यांना काही झालं तर?

जीवरामभाऊंनी नीट समजावून सांगितलं. आबा दरवर्षी बजावतात, कायद्यापुरता कर, म्हणून कायद्यापुरताच केलेला आहे. कायदा एवढंच पाहतो, की तुमच्या गाडीनं रस्त्यावरच्या परक्या माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई बुडू नये. तेवढा विमा सक्तीचा. तुमचा ट्रॅक्टर मोडला तर त्यात काही नाही. चालवणाऱ्याचा अपघात विमा वेगळा. आणि ट्रॉलीतली माणसं? ट्रॅक्टरला सीट एकच, वहिनी, ती चालवणाऱ्याची. ट्रॉली मालासाठी. मग जास्तीचे भरून त्यांना आत घेता येईल का, असंही तिनं विचारून पाहिलं. ते म्हणाले, माणसं बसवायलाच परवानगी नाही, तर विमा कोण देणार?

फोन ठेवला आणि भीतीला दुसरा फाटा फुटला. बोललं नाही तर लेकराची भीती, बोललं तर आबांची. आबा रागावणारे असते तर बरं होतं. रागावणाऱ्याशी भांडता येतं. या माणसाच्या तोंडावरचं हसू आपण पुसलं, तर ते परत कुठून आणायचं? हितेंद्र म्हणाला, मी सांगतो. ती नको म्हणाली. भीती माझी आहे, मीच सांगते.

संध्याकाळी आबा ओट्यावर बसून हर्षिलला पायांवर झुलवत होते. भूमिका पायरीवर बसली आणि जीवरामभाऊंचं सगळं बोलणं तिनं त्यांच्या कानावर घातलं. आबांचे पाय थांबले. हर्षिलनं आणखी झुलव म्हणून ओरडून पाहिलं, तरी हलले नाहीत.

"माह्या हातावर भरोसा नाही का तुह्या?"

"तुमच्या हातावर आहे, आबा. समोरून येणाऱ्याच्या हातावर नाही."

"पन विमा हाये ना आपला."

"आहे. तो रस्त्यावरच्या माणसाचा आहे. आपल्या चाकाखाली कोणाचं लेकरू आलं, तर त्याच्या आईच्या पदरात काही पडावं, म्हणून. तो हवाच."

आबांनी हर्षिलकडे बोट केलं. "मंग हा त्याच्यात कुठी बसते?"

"कुठेच नाही. हाही नाही, याच्या आजीही नाहीत, गल्लीतलं कोणीच नाही."

आबांनी रस्त्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे आजलोक मी ज्यायले ज्यायले घेऊन गेलो, ते सगये..." पुढचं त्यांनी गिळलं. हर्षिलला तिच्याकडे दिलं आणि काठी घेऊन शेताकडे निघून गेले. रात्री ते लवकर जेवून उठले. सासूबाईंनी, इंदिराबाईंनी, तिच्या ताटात भाकरी वाढता वाढता तिच्या पाठीवरून हात फिरवला, बस.

जावळाच्या सकाळी दारात मिनीबस उभी राहिली. आबांनीच ठरवली होती, कोणाला न सांगता. गल्लीतल्या बायका नटूनथटून आल्या आणि बस पाहून थबकल्या. शेजारच्या कुंदाबाईंनी तर पदर कमरेला खोचला.

"काहो तोतारामभाऊ, जयगावच्या सुनेले ट्रॉलीत बसाची लाज वाटते का?"

भूमिका दारातच उभी होती. हेच ऐकावं लागणार हे तिला ठाऊक होतं, तरी कानशिलं तापली. तिनं तोंड उघडण्याआधी आबा पायरी उतरून खाली आले.

"तिले काहून मधात आनता? मीच नाही म्हनलो. डोयाले पयल्यासारखं दिसत नाही आता. तुमची लेकरं घेऊन जायची म्हंजे जोखीम हाये."

आबांना दिसत नाही? बांधावर उभं राहून केळीच्या पानावरचा करपा रोगाचा पहिला ठिपका हेरणारे आबा. ज्या ट्रॅक्टरच्या जोरावर अख्खी गल्ली त्यांना मान देत होती, तो मान त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं उतरवून ठेवला होता. कुंदाबाईंनी खोचलेला पदर सोडला. "मंग चष्मा करून घ्या ना भाऊ," एवढंच त्या म्हणाल्या, तेही हळू.

मग आबा ड्रायव्हरकडे वळले. त्याला बसणाऱ्यांचा विमा विचारला, सीटा विचारल्या आणि तितकीच माणसं आत सोडली. उरलेल्यांसाठी दुसरी फेरी. मांडीवर बसते म्हणणाऱ्या कुंदाबाईंनासुद्धा त्यांनी खाली ठेवलं.

भूमिका त्यांच्याजवळ गेली. "आबा, तुम्ही माझ्यासाठी खोटं..."

"चाल, चढ," ते म्हणाले. "अन् माह्या बाजूले बस. गाडी हलली का तुले धस्स होते, मले ठाऊक हाये."

हर्षिल दोघांच्या मध्ये बसला आणि गाडी सुटली. खाली हितेंद्र दुसऱ्या फेरीच्या बायकांना निंबाच्या सावलीत उभं करत होता. भूमिकाला धस्स झालंच. पण आबांनाही झालं असावं. जावळाच्या वाटेवर पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग देऊन बसलेल्या आबांनी समोरचा दांडा असा गच्च धरला होता, की तिनं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.