रिकामं जातं

चंद्राबाई अर्धांगानं अंथरुणाला खिळली, तेव्हापासून इस्लामपूरजवळच्या त्या घरात मधल्या खोलीत एका भिंतीशी तिची खाट आणि दुसऱ्या भिंतीशी सून रेश्माचा लॅपटॉप अशी मांडामांड होती. रेश्मा पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करी. सगळा पावसाळा ती एकाच दोषामागं होती: काम कितीही असो, दुपारी प्रोसेसरचा वेग आपोआप तळाला जाई. दसऱ्याच्या आत दोष सापडला नाही तर तिची नोकरी जाणार होती.

“कर्नलमध्येच चूक हाय, मामंजी.”

“कर्नलसायबाची चूक आमी पलटणीत कवा बोलून दाखवली न्हाई,” सासरे हंबीरराव म्हणाले.

रेश्मा हसली. “तो कर्नल न्हवं. यंत्रणेचा गाभा. काम बघून वेग वाढवायचा का उतरवायचा, ते तो ठरवतो.”

हंबीररावांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण पडद्यावरची वेगाची रेघ बघत बसायची सवय लागली होती. एका दुपारी त्यांच्या ध्यानात आलं, की चंद्राबाईचा डोळा लागला की रेघ खाली बसते आणि ती कण्हून जागी झाली की वर चढते. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतंच. रेश्मा रडकुंडीला आली तेव्हा ते जरबेनं म्हणाले, “खाली यायची सवलतच काढून टाक. पहाऱ्यावरचा शिपाई पेंगत न्हाई.”

घटस्थापनेला तिनं तसंच केलं. रेघ वर गेली, वरच राहिली. कंपनीनं शाबासकी दिली आणि ती दुरुस्ती गावोगावच्या यंत्रांवर, घराघरातल्या फोनांवर धाडली.

दुसऱ्या सकाळी चंद्राबाई खाटेवरून उठली. झाडलोट केली, भांडी घासली, जात्यावर बसली. हंबीररावांनी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या कोंडीबाची आई मनुबाई किती वर्षं कुशीवरसुद्धा वळली नव्हती. पेढा कपाळाला लावून तो म्हणाला, “आमच्या म्हातारीलाबी असाच गुण येऊ दे.”

पण चंद्राबाई निजेना. जेवायलाही टेकेना. गालफडं बसली, तळवे सोलले. दळण संपलं तरी जातं फिरतच राहिलं.

खंडेनवमीला हंबीररावांनी विळा, कोयता, नांगराचा फाळ पुसून पाटावर मांडले. शेजारी लॅपटॉप ठेवला. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं.

“आज हत्याराला विसावा. तू बी बस आता.”

“आवं, बसावंसं लय वाटतंय,” खुंटा न सोडता ती म्हणाली. “हातच थांबत न्हाईत.”

ते सुनेकडे वळले. “ती दुरुस्ती माघारी घे. नोकरी गेली तर जाऊ दे.”

“माझ्या मशीनवरनं काढली, मामंजी. कालच, आत्याबाईंचं हाल बघून. तरी त्यांचं हात थांबलं न्हाईत.” रेश्मानं मान वर केली नाही. “बाकीच्या ठिकाणची आता माझ्या हातात न्हाई.”

हंबीरराव दारात आले. पलीकडच्या अंगणात मनुबाई वाकून झाडत होती. काडीसुद्धा उरली नव्हती, ती नुसती माती झाडत होती. आणि पेढ्यांचा पुडा घेऊन कोंडीबा हसत हसत त्यांच्याकडंच येत होता.