रमिलाबाईची फुंकणी

मी रमिलाबाईच्या चुलीजवळची फुंकणी. हातभर लोखंडी नळी. एक तोंड जाळाने काळं पडलेलं, दुसरं तिच्या ओठांनी गुळगुळीत झालेलं. माझा स्वभाव जळका आहे, हे आधीच सांगून टाकते.

प्रकाशा गावच्या बाजारात लोहाराकडून तिने मला घेतलं, तेव्हा तिच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. तीस वर्षं मी कपाशीच्या वाळक्या काटक्या, पराट्या पेटवल्या. पराट्या ओल्या असल्या की असा धूर व्हायचा की फुंकताना ती डोळे गच्च मिटून घ्यायची. आरशाकडे बघायची, कोंबड्यांकडे बघायची, गॅसवरच्या दुधाकडे तर टक लावून बघायची. माझ्याकडे मात्र कधीच नाही. त्या गॅसच्या शेगडीचा मला फार राग यायचा. चहापुरती तिची मिजास, भाकरी मात्र माझ्याच जिवावर.

मग रमिलाबाईच्या डाव्या डोळ्यात सायीसारखं पांढरं दिसू लागलं, पाठोपाठ उजव्यातही. तिची सून संध्या म्हणाली, आत्याबाई, मोतीबिंदू असेल, दाखवून येऊ. पण शेजारच्या कमलीबाईने सांगितलं होतं की कच्चा मोती काढू नये. रमिलाबाईने तेच धरून ठेवलं. "पिकू दे व, मंग काढसू," असं ती दोन वर्षं म्हणत राहिली.

खरं सांगू? ती दोन वर्षं माझ्या सुखाची होती. दिसेनासं झालं तशी ती राखेत हात फिरवून मला शोधायची. आरसा धूळ खात पडला. बरं झालं, म्हटलं मी. तिची नजर गेली तर जाऊ दे, हात तर माझाच आहे.

एका सकाळी डावा डोळा लालभडक झाला. डोकं फुटेल असं दुखू लागलं, उलट्या झाल्या. डोळे आले असतील म्हणून तिने दुकानातून थेंब आणून घातले. चार दिवस तसेच गेले. शेवटी संध्याने तिला शहाद्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथलं मी संध्याच्या तोंडून ऐकलं. मोती जास्त पिकून फुगला होता, डोळ्यातला दाब वाढला होता. काचबिंदूने डावी नजर नेली होती. ती आता कोणत्याच औषधाने परत येणार नव्हती. उजव्याचं ऑपरेशन लगेच केलं तर तो वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. तरी ही बाई अडून बसली, अजून पिकला नाही म्हणून.

नर्सने विचारलं, "मावशी, तुमच्याकडे बायका पपई तोडायला जातात ना? झाडावर पूर्ण पिकू देता का?"

"नई," रमिलाबाई म्हणाली. "एक पिवयी रेघ दिसनी का तोडी लेतस." एवढं बोलून तिने ऑपरेशनच्या कागदावर अंगठा दिला.

उजव्या डोळ्यात नवं भिंग बसवून ती घरी आली. सोबत काळा चष्मा आणि थेंबांची बाटली. ती इवलीशी बाटली देवाच्या फळीवर बसली, दिवसातून सहा वेळा तिचा मान. मी राखेत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यात पाणी नको, वाकायचं नाही, चुलीजवळ तर फिरकायचंच नाही. मोतीबिंदू वयाने होतो, उन्हाने होतो, तसा वर्षानुवर्षांच्या धुरानेही होतो, असंही म्हणाले होते. माझं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

त्या दिवसांत भाकरी संध्या करायची. तिने मला तोंडाला लावलं. धूर उसळला, तिने डोळे मिटले, पाणी गालावर आलं. दारात काळा चष्मा लावून उभ्या असलेल्या रमिलाबाईला ते दिसलं. स्वच्छ दिसलं.

"ठेवी दे ती फुकनी," ती म्हणाली. "तुन्हा दोन्ही डोया ऱ्हाऊ दे."

आता भाकरीही गॅसवर होते. शेगडी जिंकली. मी कोंबड्यांच्या खुराड्याचा अडसर झाले आहे. जळफळाट अजून गेलेला नाही. तरी एक मागणं आहे, डोळ्यांवर साय दिसली तर ती पिकायची वाट बघू नका. आणि माझ्यासारखी कुणी तुमच्या चुलीपाशी असेल, तर तिला खुशाल खुराड्याला लावा.

रोज संध्याकाळी रमिलाबाई कोंबड्या मोजून मला आडवी सरकवते. तीस वर्षं मी तिच्या ओठांना लागले, तेव्हा तिने मला पाहिलं नाही. आता सरकवण्याआधी ती क्षणभर माझ्याकडे बघते. एकाच डोळ्याने.