जावयाची पितृत्व रजा

माझी कंपनी अकरा माणसांची. शहराच्या नोव्हेना भागातल्या दवाखान्यांना आम्ही पलंग, खुर्च्या, वजनकाटे पुरवतो. त्या अकरांतला एक माझा जावई, अश्विन. त्याने चार आठवड्यांची पितृत्व रजा मागितली तेव्हा माझं डोकंच फिरलं. बाळंतपण बायकोचं आणि रजा नवऱ्याला! आमची आर्या झाली तेव्हा मी अर्धा दिवस सुट्टी घेतली होती, तीही साहेबांसमोर मान खाली घालून.

मग कळलं, की रजेचा पगार आपण द्यायचा आणि नंतर सरकारकडून परत मागायचा. माझा राग झपाट्याने उतरला. "घे, घे," मी म्हणालो, "बापाने बाळाला वेळ द्यायलाच हवा."

पहिलं बाळंतपण माहेरी, हा माझ्या बायकोचा, नीताचा हट्ट. त्यांच्या तोआ पायोहच्या घरून आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटपर्यंत एमआरटी मेट्रोने जेमतेम अर्धा तास, पण माहेर ते माहेर. त्यामुळे आर्या, बाळ आणि रजेवरचा जावई असे तिघेही आमच्याकडे राहायला आले.

रजेच्या दुसऱ्याच दिवशी मला ऑफिसात अश्विनचा मेसेज. "सर, काही काम आहे का?" घरी तो मला बाबा म्हणतो. मी लगेच एक कोटेशन बनवायला दिलं, तासाभरात तयार! तिसऱ्या दिवशी तीन दिली. दोन आठवडे हेच चाललं. माणूस रजेवर, काम चालू आणि पगार सरकारचा. मला आणखी दोन जावई हवेसे वाटू लागले.

शनिवारी सकाळी मी फॉर्म घेऊन बसलो. पैसे मागायचे तर या दिवसांत आपण खरोखर रजेवर होतो, अशी कर्मचाऱ्याची सही लागते.

"अश्विन, झालेल्या दोन आठवड्यांची सही करून टाक."

त्याने पेन घेतलं आणि खाली ठेवलं. "नाही करता येणार, बाबा. मी कुठे रजेवर होतो? एकोणीस कोटेशन्स केली."

"अरे, काम तूच मागत होतास!"

"मग काय करणार? इथे मला कुणी कशाला हातच लावू देत नाही!"

तेवढ्यात नीता वाटी घेऊन आली. "अश्विनराव, तुम्ही बसा हो. अजून थोडा शिरा घ्या."

"हे बघा! हेच!" अश्विनचा बांध फुटला. "बाळ उचललं, तुम्ही बसा. डायपर बदलायला गेलो, तुम्ही बसा. जावयाची झोप मोडू नये म्हणून रात्री मला वेगळ्या खोलीत निजवतात. दोन आठवड्यांत बाळाचं वजन तीनशे ग्रॅम वाढलं आणि माझं दोन किलो!"

नीताचा चेहरा पडला. "सासुरवाडीला आलेल्या जावयाला डायपर बदलायला लावू? लोक काय म्हणतील?"

"बाराव्या मजल्यावर कुठले लोक, आई?" आर्या बाळाला घेऊन दारात उभी होती. डोळे सुजलेले. "रात्री चार-चारदा मी एकटी उठते. मला नवरा हवाय, पाहुणा नकोय. अँड यू, बाबा! फोर वीक्स मिळाले होते आम्हाला. दोन तुम्ही घेतलेत." आणि ती रडायलाच लागली.

मला भयंकर राग आला, पण तो काढायचा कुणावर? मुलगी खरं बोलत होती. मी फॉर्म घेतला आणि सगळ्या तारखा खोडल्या.

"हे दोन आठवडे कामाचे धरले. पगार माझ्या खिशातून. सोमवारपासून पूर्ण चार आठवडे रजा, आणि मी मेसेज केला तर उत्तर द्यायचं नाही." मग नीताकडे वळून म्हणालो, "आणि तू आता जरा बस."

ती काही बसली नाही. अश्विनने बाळाला आंघोळीला नेलं, तेव्हा आम्ही सगळेच न्हाणीच्या दारात गर्दी करून उभे. पाणी आधी गार झालं, मग गरम. साबण निसटला. बाळाने अख्खा मजला डोक्यावर घेतला. नीताचे हात शिवशिवत होते, मी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"बाबा," अश्विन घामाघूम होऊन म्हणाला, "मानेखाली हात कसा धरायचा?"

"मला काय ठाऊक!" मी खेकसलो.

आणि खरंच ठाऊक नव्हतं. आर्या एकतीस वर्षांची झाली. तिला मी एकदाही न्हाऊ घातलं नव्हतं, घालताना पाहिलंही नव्हतं. चार भिंतींत लाज वाटावी असं काही नव्हतं, तरी वाटली. त्या भिजलेल्या, गोंधळलेल्या जावयाचा हेवाही वाटला.

मी नीताचं मनगट सोडलं आणि बाह्या वर केल्या. "मलाही दाखव."

नीता माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आधी घड्याळ काढा."