चौथ्या सोमवारचे जव

"धान्य हातावर घेतल्याशिवाय विकत घ्यायचं नाही. देवाला वाहायचं ते आधी आपल्या हाताला कळलं पाहिजे."

सासूबाईंनी हे मला लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात सांगितलं. मिरजेला वाण्याच्या दुकानात माझं मनगट धरून त्यांनी माझा हात तांदळाच्या पोत्यात खुपसला होता. शिवामुठीचं व्रत नव्या सुनेनं पाच वर्षं करायचं असतं. श्रावणातल्या दर सोमवारी शंकराला एक मूठ धान्य वाहायचं. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, मग मूग, मग जव. चार वर्षं मिरजेत निर्विघ्न झाली. त्यानंतरच्या माघात सासूबाई गेल्या. जाण्याआधी आठवडाभर त्या फारशा बोलत नव्हत्या, पण एका दुपारी त्यांनी विचारलं, "पाचवं करशील ना गं, अंजली?"

मी "करीन" म्हटलं.

वर्षाच्या आत सण करायचे नसतात, पण धरलेलं व्रत सोडायचं नसतं, असं गुरुजींनी सांगितलं. मे महिन्यात ह्यांना बंगळूरच्या एका कंप्यूटर कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही मल्लेश्वरमला तेराव्या क्रॉसवर, म्हणजे तेराव्या आडव्या गल्लीत, दोन खोल्यांत राहायला आलो. ते अठ्ठ्याण्णव साल होतं. पाचवा श्रावण बंगळुरात येणार हे तेव्हाच कळलं होतं.

परक्या गावात बाईमाणसाला आधी दुकान शोधावं लागतं. माझ्या वाट्याला दोन आली.

एक कोपऱ्यावरचं मल्हाररावांचं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथेच राहिले. ते मराठी बोलत, पण त्या मराठीत निम्मं कन्नड असे आणि वाक्याचा सूर शेवटाला वर जाई. दुकानात पोती उघडी ठेवलेली असत. हात घालून बघायला कुणाची ना नव्हती. अडचण एकच होती, ती म्हणजे गर्दी. फळीपाशी सात-आठ माणसं एकमेकांच्या खांद्यावरून ओरडत आणि मल्हारराव ज्याचा आवाज मोठा त्याचं आधी बांधत.

माझा आवाज लहान आहे. माहेरी म्हणायचे, हिनं हाक मारली की ती पोचवायला दुसरी मुलगी पाठवावी लागते. मी "अर्धा किलो तूरडाळ" म्हणायची आणि मल्हारराव कानामागे हात धरून म्हणायचे, "स्वल्प जोरागी, अक्का! स्वल्प जोरात!" सगळे वळून बघत. आषाढात मी दोनदा जव मिळतील का म्हणून विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि मागच्या माणसाची साखर जोखायला घेतली. ते नाही म्हणाले की ऐकूच आलं नाही, हे मला कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारायला मन होईना.

दुसरं दुकान संपिगे रोडवरचं नवं सुपरमार्केट. दारात शिपाई पिशवी ठेवून घेई आणि पत्र्याचा बिल्ला देई. आत गार हवा, सरळ रांगा, पांढरे दिवे. प्रत्येक गोष्ट पाकिटात, पाकिटावर नाव आणि किंमत. टोपली घ्यावी, फिरावं, उचलावं, शेवटी पैसे द्यावेत. कुणी काही विचारत नाही.

ह्यांना ते पहिल्याच दिवशी आवडलं. "पुण्यात तरी असं कुठं आहे?" म्हणाले. मग पाकिटं फिरवून मागचं बारीक छापलेलं वाचत बसले. मला आवडायला आठवडा लागला. चातुर्मासात सकाळची पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. एकदा पूजेच्या तयारीला बसले तर डबीत कापूर नाही. मौनातच निघाले, सुपरमार्केटात गेले, कापूर उचलला, पैसे दिले, परत आले. एक अक्षर बोलावं लागलं नाही. त्या दिवसापासून मी तिकडेच जायला लागले.

मल्हाररावांचं दुकान वाटेवरच होतं. म्हणून मी समोरच्या फुटपाथवरून जायची.

दोन्ही दुकानांची तुलना करायची तर अशी आहे. रवा सुपरमार्केटात चांगला, चाळलेला, किडा नाही. तेल तिथेच घ्यावं. गूळ मात्र मल्हाररावांकडचा, कारण पाकिटातला गूळ ओलसर लागतो. फुटाणे, पोहे, चिंच कोपऱ्यावरची. साबण, कापूर, वाती सुपरमार्केटातल्या. वाती मी घरीच वळते, पण कापूस तिथला स्वच्छ होता. सुपरमार्केटात उभं राहून कुणी कुणाची चौकशी करत नाही. कोपऱ्यावर मला दोन महिन्यांत चार बायकांनी विचारलं होतं, "मूल?"

श्रावण लागला. पहिल्या सोमवारचे तांदूळ मी मिरजेहूनच आणले होते. दुसऱ्या सोमवारचे तीळ सुपरमार्केटातून घेतले. पाकीट बंद होतं. घरी येऊन फोडलं, मग हातावर घेतले. स्वच्छ होते, एक खडा नाही. हातावर घेतले, पण विकत घेतल्यावर घेतले. मी मनाशी म्हटलं, घेतले ना शेवटी. तिसऱ्या सोमवारच्या मुगाचंही तसंच झालं. तेव्हा मनाशी काही म्हणावंही लागलं नाही.

चौथा सोमवार जवांचा. त्या वर्षी श्रावणात सोमवार चारच होते. म्हणजे तो शेवटचा.

सुपरमार्केटात औषधी चहा आणि नाचणीच्या पिठाच्या शेजारी बार्लीची पाकिटं होती. शुक्रवारी मी एक आणलं. संध्याकाळी ताटलीत ओतलं आणि हातावर घेतलं.

दाणे पांढरे होते. गुळगुळीत, गोलसर, मधे एक रेघ. साबुदाण्यासारखे बोटांतून घरंगळत होते. मिरजेचे जव असे नव्हते. ते दोन्ही टोकांना निमुळते, पिवळसर, आणि मूठ आवळली की तळव्याला टोचत. पहिल्या वर्षी मी टोचतात म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "टोचू देत. म्हणजे मूठ रिकामी नाही हे कळतं."

मी ह्यांना ताटली दाखवली.

"हे जव आहेत का?"

"बार्ली म्हणजे जवच. डिक्शनरीत बघ हवं तर."

"टोचत नाहीत."

ह्यांनी एक दाणा उचलून बघितला. "मग चांगलंच की. क्वालिटी सुधारली." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "अगं, देव काय भिंग घेऊन बसलाय का? भावना महत्त्वाची."

भावना होती. पण मी शब्द दिला होता तो जवांचा. रात्रीचं जेवण मी मौनानं जेवते, त्यामुळे पुढे बोलणं झालं नाही. जेवताना मला वाटत राहिलं, तिळाच्या वेळी आपण आधी हातावर घेतले नाहीत तिथेच हे सुरू झालं. पाच वर्षांतल्या शेवटच्या मुठीला आता दोन दिवस होते. आणि विचारायला मिरजेत कोणी उरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पूजा झाल्यावर दहा-बारा दाणे कागदात बांधले आणि मल्हाररावांकडे गेले. या वेळी त्यांच्या बाजूच्या फुटपाथवरून.

दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. मल्हारराव स्टुलावर बसून पेपर वाचत होते. मागच्या दारात त्यांच्या बायको सकवारबाई पाय लांब करून चिंच निवडत होत्या. मी पायरीशी उभी राहिले.

"या अक्का," मल्हारराव पेपरावरून म्हणाले. "समोरच्या फुटपाथवर सावली बरी आहे म्हणायची."

मी खाली बघितलं. "सावली आहे तिकडे," मी म्हटलं.

"खरं बोललात!" ते मोठ्यानं हसले. "सगळ्यांना तिकडे सावलीच लागते आता. बोला, काय देऊ?"

मग माझ्या लक्षात आलं की मी नेहमीच्याच आवाजात बोलले होते आणि त्यांना ऐकू गेलं होतं. दुकान तेवढं शांत झालं होतं.

मी कागद सोडून दाणे तराजूच्या पारड्यात ठेवले. "हे जव आहेत का?"

त्यांनी एक दाणा दाढेखाली धरला. "होते. आता साल काढलंय, घासलंय. आजारी माणसाला पाणी करून द्यायला फार चांगलं. कशाला पाहिजे?"

"शिवामुठीला. परवा शेवटचा सोमवार आहे."

"मग हे नको. मातीत टाकलं तर कोंब नाही यायचा याला. शिवाला द्यायचं धान्य जिवंत पाहिजे."

"आणि तांदूळ हो?" मागून सकवारबाई म्हणाल्या. "तांदूळ काय सालासकट वाहतात? त्याला कोंब येतो काय?"

"तांदळाचं शास्त्र निराळं."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतो ना."

"सरी, सरी, बरोबर. शास्त्रीबुवा बसलेत दुकान घालून," सकवारबाई म्हणाल्या आणि चिंचोका लांब फेकला.

मी म्हटलं, "शास्त्र मला माहीत नाही. आमच्याकडचे जव हाताला टोचायचे."

मल्हाररावांनी पेपराची घडी घातली. "मग हे जूनमध्येच सांगायचं ना, अक्का. बेळगावच्या लॉरीवरून मागवलं असतं."

"विचारलं होतं. दोनदा."

"मला?"

"हो."

बाहेरून एक रिक्षा गेली. "नाही ऐकू आलं," ते म्हणाले.

"गर्दी होती," मी म्हटलं.

मग ते उठले, भिंतीवर खडूनं लिहिलेल्या नंबरांतला एक शोधला आणि फोन फिरवला. कन्नडमध्ये बराच वेळ बोलणं झालं. त्यात कुदुरे हा शब्द चार-पाच वेळा आला. फोन ठेवून ते म्हणाले, "यशवंतपूरला यल्लाप्पा आहे. रेसच्या कुदुरेंना, घोड्यांना, खुराक पुरवतो. त्याच्याकडे सालासकट जव असतो, पोत्यानं. उद्या त्याच्या घरी जाऊन आणतो. घोड्याचा म्हणून चालेल ना?"

"हातावर घेऊन बघते," मी म्हटलं.

"बघा की. बघितल्याशिवाय न्या असं कोण म्हणतंय? आमच्याकडे पाकीट नाही."

रविवारी संध्याकाळी मी पुन्हा गेले. फळीवर गोणपाटाची लहान पिशवी होती, तोंड उघडं. मल्हाररावांनी ती माझ्याकडे सरकवली. मी उजवा हात घातला आणि मूठ आवळली. टोचले. थोडी धूळ होती, दोन-चार काड्या होत्या. ते घरी निवडता आले असते. दाणे अख्खे होते.

"हेच," मी म्हटलं.

"घोडे नशीबवान," मल्हारराव म्हणाले.

सकवारबाई भिंतीला धरून उठल्या आणि फळीपाशी आल्या. साठीच्या असतील. त्यांनीही पिशवीत बोटं घातली, दाणे वर काढले आणि दिव्याखाली धरून बघत राहिल्या.

"माझ्या सासूनं मला हे व्रत लावलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं केलं. तिसऱ्या श्रावणात तीन मुठी झाल्या आणि थोरल्याच्या वेळी कळा लागल्या. चौथी मूठ राहिली. सासू म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी सासूच नव्हती. मग कोणी विचारलंच नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस," मल्हारराव म्हणाले.

"तुमच्या दुकानात गर्दी होती," त्या म्हणाल्या.

मल्हाररावांनी माझ्याकडे बघितलं, मग पेपर उचलून पुन्हा खाली ठेवला.

सकवारबाई मला म्हणाल्या, "मल्लेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या आता माझ्यानं चढवत नाहीत. गुडघे असे झालेत. राहिलेली मूठ नेशील काय माझी? आवारात पिंपळाखाली लहान पिंड आहे बघ, तिथं चालतं."

मूठ ज्याची त्यानं भरायची असते. तेवढं मला माहीत होतं. मी माझ्या पिशवीतला रुमाल उलगडून फळीवर पसरला. त्यांनी पदरानं हात पुसला, पिशवीत घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. सांधे सुजलेले होते, मूठ पूर्ण मिटत नव्हती. दोन-तीन दाणे फळीवर सांडले. ते त्यांनी वेचून रुमालात टाकले. मी रुमालाला गाठ मारली.

"नेते," मी म्हटलं. "उद्या सकाळी."

"विसरशील."

"नाही."

घरी आल्यावर मी आमचे जव निवडले. ह्यांनी ताटात बघितलं, एक दाणा घेऊन तळव्यावर दाबला आणि म्हणाले, "अरे, हे टोचतं खरंच." कुठून आणले ते मी सांगितलं. हे हसले, मग तो दाणा जपून परत ताटात ठेवला. बहुतेक त्यांना आईची आठवण आली असावी. बार्लीचं पाकीट मी टाकलं नाही. तिचं पाणी उन्हाळ्यात चांगलं असतं. सुपरमार्केटही सोडलं नाही. तेल आणि रवा अजून तिथलाच आणते.

सोमवारी पहाटे स्नान केलं. आमची मूठ तांब्याच्या वाटीत घेतली, बेलाची पानं घेतली, रुमालाची गाठ तपासली. हे झोपेत होते. दार ओढून घेतलं आणि जिना उतरले.

मल्हारराव दुकानाची फळी काढत होते. मी त्यांच्याच बाजूनं चालले होते.

"अक्का, निघालात?"

पूजा व्हायची होती, म्हणून मी बोलले नाही. रुमाल वर करून दाखवला. त्यांनी मान हलवली आणि आत वळून बायकोला हाक मारली. मी देवळाच्या रस्त्याला लागले.