निघालो

"सर्व्हर पुन्हा आडवा झाला!" साहेब दारातूनच ओरडले. "वरच्या वस्तीचं पाणी बंद. नवी प्रणाली तयार आहे, आज ते भूत काढून टाक."

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात संगणक सांभाळणारा, ज्याला सगळे मांत्रिक म्हणत, तो मान न वळवता म्हणाला, "कारण सापडू दे. मग काढतो."

भूत म्हणजे काकांचा संगणक. पंप सांभाळणारे ऑफिसातले काका वर्षापूर्वी गेले. पंपांच्या पाळ्या लावणारी त्यांची प्रणाली दुसऱ्या कोणाला कळत नसल्यामुळे ती मात्र सेवेत राहिली. खोकं भंगारात गेलं आणि आतला संसार उचलून मोठ्या सर्व्हरवर मांडला. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. अशी सात-आठ बिऱ्हाडं तिथे नांदत होती आणि प्रत्येकाला वाटे, आपला स्वतंत्र बंगला आहे.

काकांचं बिऱ्हाड चालू असलं, की हल्ली संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला सर्व्हरचा कर्नल कोसळे. कर्नल म्हणजे सर्व्हरचा मूळ प्रोग्राम, घरातला कर्ता. तो गेला की सगळ्यांचीच चूल विझते. काकांचं बंद ठेवलं, की बाकी सारं सुरळीत.

मांत्रिकाने कोसळण्याच्या क्षणाची नोंद उघडली. कर्नलने शेवटी एका उपकरणाला हाक मारली होती. त्या क्षणी ते तिथे नव्हतंच. जे गेलं होतं त्याला आहे समजून हाक मारली, आणि त्या रिकाम्या जागेतून जे काही आलं ते खरं मानलं.

उपकरण म्हणजे कपाटामागचा जुना मोडेम. पंप बिघडला की इंजिनिअरला मेसेज पाठवणारा. पण सुटीच्या वेळी हा कोणाला मेसेज करतो? काकांच्या प्रणालीत त्यांनी गुपचूप घातलेली एक ओळ निघाली. पाळी संपली, की घरच्या नंबरवर एकच शब्द: 'निघालो.'

वर्षभर काका रोज निघत होते.

फोन वाजला. काकू होत्या.

"अरे, हे आठवडाभर निघालेच नाहीत. काम फार आहे का?"

"काकू, काका तर..."

"गेलेत. ठाऊक आहे मला, उशाशी मीच होते. डोकं जागेवर आहे माझं. पण हे निघाले, की मी चहाचं आधण ठेवते. बंद करणार असाल तर तसं सांगून करा. हे काही सांगून गेले नाहीत, यंत्राने तरी सांगून जावं."

"बघतो, काकू," म्हणून त्याने पुन्हा काकांची ती ओळ उघडली.

दुपारी साहेब पुन्हा आले. "सापडलं?"

"मोडेमचं पोट भरलंय."

"कशाने?"

"काकूंच्या उत्तरांनी. काकांची एक ओळ रोज त्यांना 'निघालो' म्हणून कळवते. काका निघताना रोज वाचून पुसत असत. नंतर कोण पुसणार? आता जागा संपली, की मोडेम गुदमरून बंद पडतो, पुन्हा उठतो. नेमका त्या मधल्या क्षणात कर्नल त्याला हाक मारतो."

"मग ती एक ओळ उडव की!"

"ओळ उडवली तर हा उद्या दुसऱ्या कारणाने गुदमरेल. कर्नलला शिकवतो, हाक मारायच्या आधी समोर कोणी आहे का ते बघ. आणि उत्तरं मी पुसतो."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. 'या.' 'या सावकाश.' 'पाऊस आहे, थांबून या.' ते घसा खाकरून म्हणाले, "आज शेवटचं. कोसळला तर भूतही जाईल आणि मंत्रही."

मांत्रिक एकेक वाचून पुसत गेला.

सुटी झाली. दोघंही खुर्च्यांवरून हलले नाहीत. 'निघालो' गेला. मोडेमचा दिवा लुकलुकला. सर्व्हर उभाच राहिला. वरच्या वस्तीच्या पंपाचा आकडा चढू लागला. साहेबांनी श्वास सोडला आणि "छान हो" म्हणून, पण ते कोणाला उद्देशून हे कळू न देता, ते घरी गेले.

मग उत्तर आलं.

'जिन्यातला दिवा गेलाय. जपून या.'

मांत्रिकाने ते पुसलं. स्टोअरमधून एक बल्ब मागून घेतला. कशासाठी, म्हणून विचारलं तेव्हा "देखभाल" म्हणाला.

काकूंच्या जिन्यात खरंच डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. चाचपडत, कठड्यावर एक पाय देऊन तो होल्डरपर्यंत पोचला. वरचं दार उघडंच होतं.

"आलात?" आतून आवाज आला.

मांत्रिकाने बल्ब फिरवला. जिना उजळला. आत ओट्यावर एक कप ठेवल्याचा आवाज झाला, आणि जरा थांबून, दुसरा.