भाऊजींच्या खिशातला आवाज

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. पन्नाशी उलटली तरी बढती मिळाली नव्हती. खिडकीपाशी टेबल टाकून ती घडीच्या चाकूंसाठी चामड्याची म्यानं शिवायची. चामडं भिजवायचं, चाकूवर ताणून बसवायचं, वाळू द्यायचं. मग म्यान चाकूला असं धरून ठेवायचं की खिशात कितीही उलटंपालटं झालं तरी चाकू हलायचा नाही. या घट्टपणाचा तिला भारी अभिमान होता, आणि सगळा घोळ त्यातूनच झाला.

तिचे थोरले दीर निवृत्त न्यायाधीश. माणूस इतका गंभीर की शिंकतानासुद्धा निकाल दिल्यासारखा शिंकायचा. त्यांच्या वाढदिवसाला तिनं एक म्यान शिवून दिलं. थोड्याच दिवसांत ते लालबुंद चेहऱ्यानं दारात उभे.

"हे परत घे."

"का, भाऊजी? टाके उसवले?"

"आवाज करतं."

"कसला?"

भाऊजींनी आधी दार लावून घेतलं. "तसला," ते म्हणाले.

एका जुन्या वकिलाची शोकसभा होती. सगळे माना खाली घालून स्तब्ध उभे. समोरच्या फोटोला पुडक्याची सुतळी तशीच लोंबत होती, ती भाऊजींच्या डोळ्यांत खुपली. त्यांनी मागच्या खिशातून म्यान काढलं, चाकू ओढला, आणि त्या शांततेत असा काही लांबलचक, ओलसर आवाज निघाला की दिवंगतांच्या पत्नीनं नाकाला रुमाल लावला.

"मग सांगायचं ना, म्यानाचा आवाज आहे म्हणून."

"सांगितलं. करूनही दाखवलं. तेव्हा लेकाचं गप्प बसलं."

धाकटीनं चाकू दहा वेळा आतबाहेर केला. म्यान मुकं. मग तिला काहीतरी सुचलं. तिनं म्यान त्यांच्या मागच्या खिशात परत घालायला लावलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि चहा दिला. चहा संपल्यावर भाऊजींनी उभं राहून चाकू ओढला. आवाज आला. भिंतीवरचं कॅलेंडर हलल्यासारखं वाटलं.

"ऊब लागली की चामडं मऊ पडतंय," ती ओठ चावत म्हणाली. "आणि भाऊजी, बुडाला भोकच नाही."

"काय?"

"म्यानाच्या. हवेला दुसरी वाट नाही, म्हणून ती तोंडातून घुसते. थांबा, आत्ता पाडते."

तिनं चामड्याला भोक पाडायचा पंच उचलला, तेवढ्यात आतल्या खोलीत कोणीतरी गुदमरल्यासारखं वाटलं. सासरे हसत होते. सासूबाई गेल्यापासून 'पंखा लावा' आणि 'पंखा बंद करा' याखेरीज त्यांच्या तोंडून काही निघालं नव्हतं. ते काठी टेकत बाहेर आले, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"भोक पाडू नकोस, सूनबाई. मला दे."

"बाबा, तुमच्याकडे चाकू कुठाय?"

"याचा घेतो."

त्यांनी म्यान घेतलं, चाकूही घेतला. भाऊजींनी आयुष्यभर निकाल दिले होते, पण या कोर्टात अपील नव्हतं. धाकटीनं त्यांना नवं म्यान शिवून दिलं, बुडाला चांगलं मोठं भोक पाडून.

पुढच्या महिन्यात भाऊजींनी जुन्या सहकाऱ्यांना सपत्नीक जेवायला बोलावलं. बाबा मुलाला खेटून बसले. सगळं जेवण होईस्तोवर त्यांनी मागच्या खिशातलं म्यान शेकून घेतलं होतं. फळं आली. बाबा किंचित कलले, हात मागे गेला, आणि सगळ्या माना एकदम भाऊजींकडे वळल्या.

"ते बाबांचं म्यान आहे," भाऊजी म्हणाले.

"कसलं म्यान?" बाबांनी सफरचंद कापायला घेतलं. म्यान केव्हाच खुर्चीवरच्या उशीखाली गेलं होतं. एक फोड तोंडात टाकून त्यांनी मुलाच्या पाठीवर थोपटलं. "होतं असं या वयात. लाजायचं नाही."

धाकटी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाली. तिथे तिच्या जाऊबाई, म्हणजे खुद्द भाऊजींच्या पत्नी, ओट्याला धरून आधीच वाकल्या होत्या. त्यांनी पदराचा अर्धा बोळा स्वतःच्या तोंडात ठेवला आणि उरलेला तिच्यापुढे केला.